बिली बॉस्टन आणि कागदावर नसलेली बंदी

१० जून २०२५ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात राजे चार्ल्स यांनी वेल्समधले काळे रग्बीपटू बिली बॉस्टन यांना ‘सर’ हा किताब दिला. बॉस्टन तेव्हा नव्वद वर्षांचे होते. स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन बरीच वर्षे लोटली होती. तब्येतीमुळेच किताबांची नेहमीची यादी जाहीर होण्याआधी हा समारंभ उरकण्यात आला. रग्बी लीग हा रग्बीचा वेगळा प्रकार १८९५ साली सुरू झाला आणि त्यानंतरच्या एकशेतीस वर्षांत त्यातल्या एकाही माणसाला हा मान मिळाला नव्हता. साहजिकच उशिरा का होईना, न्याय झाला, असा सूर सगळीकडे लागला.

मला तो सूर पटत नाही. किताबाचा आनंद खरा आहे, ते ज्या क्लबकडून खेळले त्या विगनच्या लोकांना तर तो विशेषच झाला असणार. पण न्याय झाला म्हणायचे, तर आधी अन्याय काय झाला आणि तो कोणी केला, हे कोणीतरी मोकळेपणाने बोलायला हवे. ते बोलणे अवघड जाते, कारण काळ्या खेळाडूला वेल्सकडून रग्बी खेळता येणार नाही, असा नियम कधीच कोणत्या कागदावर नव्हता. गुणवत्ता असूनही जातीमुळे कर्णधारपद नाकारले गेलेले क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांची हकिकत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला या प्रकारची वेगळी ओळख करून द्यायला नको.

बॉस्टन यांचा जन्म ६ ऑगस्ट १९३४ रोजी कार्डिफच्या टायगर बे भागात झाला. अकरा भावंडांतले ते सहावे. वडील पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचे, व्यापारी जहाजांवर काम करणारे. आई कार्डिफचीच, आयरिश वळणाच्या घरातली. कार्डिफ हे त्या काळी दगडी कोळशाचे मोठे बंदर होते. जहाजांबरोबर सोमाली, येमेनी, पश्चिम आफ्रिकी, वेस्ट इंडियन खलाशी आले, गोदीजवळ राहिले, तिथेच त्यांनी लग्ने केली. रेल्वेच्या पुलाअलीकडे ही वस्ती आणि पलीकडे शहर, अशी सरळ विभागणी होती. जून १९१९ मध्ये या वस्तीवर गोऱ्या जमावाने हल्ले केले. १९२५ साली सरकारने आदेश काढून काळ्या खलाशांवर निर्बंध लादले. ब्रिटिश प्रजा असल्याचा कागद दाखवता आला नाही, तर परदेशी म्हणून पोलिसांकडे नाव नोंदवायचे. म्हणजे गोदीत भेदभाव होता, तो लेखी होता. मैदानावरचा मात्र अलिखित राहिला.

टायगर बेपासून कार्डिफ आर्म्स पार्क हे तेव्हाचे वेल्सच्या रग्बीचे सर्वांत मोठे मैदान चालत जाण्याइतके जवळ आहे. पोरवयात बॉस्टन यांची इच्छा एवढीच होती की आधी कार्डिफ क्लबकडून आणि मग वेल्सकडून खेळायचे. कार्डिफच्या शालेय संघातून ते खेळले, टायगर बेमधल्या सर्व वर्णांच्या मुलांच्या ‘सियॅक्स’ क्लबकडून खेळले, नीथ क्लबकडूनही काही सामने खेळले. सक्तीच्या लष्करी नोकरीत सिग्नल्स दलाकडून १९५३ च्या आर्मी कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी सहा ट्राय केले. समोरच्या संघाची अंतिम रेषा ओलांडून चेंडू हाताने जमिनीला टेकवला की ट्राय होतो. या दर्जाच्या अंतिम सामन्यात एकट्याने सहा ट्राय करणे म्हणजे अफाट कामगिरी. कार्डिफ क्लबाचे बोलावणे मात्र कधीच आले नाही.

बोलावणे आले ते उत्तर इंग्लंडमधल्या विगनहून, आणि तेही रग्बी लीगचे. मार्च १९५३ मध्ये विगन क्लबाची माणसे बॉस्टन यांच्या घरी आली आणि टेबलावर नोटांत एक हजार पौंड मांडले. पोराने जाऊ नये असे आईला वाटत होते. ही मंडळी परस्पर निघून जातील, या हिशेबाने तिने तीन हजार मागितले. ते लगेच हो म्हणाले. ही हकिकत बॉस्टन स्वतः सांगत आले आहेत. तेव्हा इंग्लंडमध्ये कामगाराला आठवड्याला नऊ-दहा पौंड मिळत, म्हणजे ही सहा वर्षांची कमाई झाली. अकरा पोरांची आई आपल्याच तोंडून गेलेला शब्द फिरवणार कसा? अठरा वर्षांच्या मुलाने सही केली, आणि त्या सहीबरोबर वेल्सचा लाल जर्सी कायमचा गेला.

कायमचा का, हे समजून घ्यायला १८९५ मध्ये जावे लागते. रग्बी तोवर एकच होती. यॉर्कशर आणि लँकशरच्या क्लबांत खाणकामगार, गिरणी कामगार खेळत. शनिवारी सामना असला की त्यांचा खाडा व्हायचा. त्या खाड्याची भरपाई म्हणून सहा शिलिंग द्यावेत, एवढीच उत्तरेच्या क्लबांची मागणी होती. लंडनच्या रग्बी युनियनने ती फेटाळली, कारण खेळ हौशीच असला पाहिजे. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब वेगळे झाले आणि त्यातून पुढे तेरा खेळाडूंची रग्बी लीग घडली. युनियन पंधरा खेळाडूंची राहिली. त्यानंतर शंभर वर्षे युनियनने लीगशी संबंध आलेल्या माणसाला बाटलेला मानले. लीगच्या क्लबात नुसती चाचणी दिली तरी युनियनचे दार आयुष्यभरासाठी बंद. खेळायचे नाही, शिकवायचे नाही, क्लबाच्या कामात हात घालायचा नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये युनियनने स्वतःच पैसे स्वीकारले, तेव्हा हे सोवळे सुटले.

हौशीपणाचे हे तत्त्व उदात्त होते, असे आजही काही जण मनापासून मानतात. पैशासाठी न खेळण्यात काही चांगले आहे, हे मलाही मान्य आहे. पण ज्याच्या घरी शनिवारच्या रोजावाचून चूल अडत नाही, त्यालाच हे तत्त्व फुकटात पाळता येत होते. वेल्समध्ये युनियन हा खाणकामगारांचाही खेळ होता, तरी नियम लंडनचेच होते. गरिबाने खेळाचे पैसे मागितले की तो पापी ठरे. त्या नियमात वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता. पण ज्याला आपल्या गावातला क्लब घेत नाही, त्याने पोटासाठी लीगची वाट धरली की तो ‘स्वतःच्या मर्जीने’ गेला, अशी नोंद व्हायची. निवड समितीला कोणालाही नकार द्यावाच लागला नाही. नकाराचे सगळे काम हौशीपणाच्या नियमाने परस्पर करून टाकले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. बॉस्टन अठराव्या वर्षीच निघून गेले. मग वेल्सने त्यांना नाकारले असे कसे म्हणता येईल? कदाचित विसाव्या वर्षी निवडले असते. शिवाय गोरे वेल्श खेळाडूही पैशासाठी उत्तरेला गेलेच की. खरे आहे. १९५२ साली, बॉस्टन यांच्या एकच वर्ष आधी, लुइस जोन्स लीड्स क्लबकडे गेले, आणि तेही सहा हजार पौंडांना. पण हे उदाहरण नीट पाहिले तर आक्षेपाच्याच विरुद्ध जाते. लुइस जोन्स जानेवारी १९५० मध्ये वेल्सकडून इंग्लंडविरुद्ध ट्विकनहॅमवर पहिला सामना खेळले, तेव्हा तेही अठराच वर्षांचे होते. त्याच वर्षी ब्रिटिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त संघातून ते दक्षिण गोलार्धाच्या दौऱ्यावरही गेले. वेल्सचे सामने पदरात पडल्यावर, नाव झाल्यावर, दुप्पट किमतीला त्यांनी लीग पत्करली. त्यात त्यांचा दोष काडीचा नाही. पण अठरा वर्षांच्या एका गुणी मुलाला देशाची जर्सी मिळते, आणि त्याच वयाच्या दुसऱ्या गुणी मुलाला शहरातला क्लबही विचारत नाही, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर वयाचे कारण उरत नाही.

तरीही एकाच माणसाच्या बाबतीत काहीही सिद्ध करता येत नाही, हे मी मान्य करतो. एखाद्याला का घेतले नाही, याला नेहमीच दहा कारणे देता येतात. त्या जागेवर दुसरा चांगला खेळाडू होता, आणि होताही: ऑलिंपिकमध्ये धावलेले केन जोन्स तेव्हा वेल्सचे विंगर होते. म्हणून एकट्या बॉस्टन यांच्याकडे न पाहता सगळ्यांकडे पाहिले पाहिजे. ब्रिनमॉरचे रॉय फ्रान्सिस १९३० च्या दशकात लीगमध्ये गेले. टायगर बेचे जॉनी फ्रीमन हॅलिफॅक्सला गेले. कॉलिन डिक्सन हॅलिफॅक्सला आणि पुढे सॅलफर्डला. कार्डिफच्या स्प्लॉट भागातले क्लाइव्ह सलिव्हन हल या शहरातल्या क्लबकडे. हे सगळे काळे, सगळे दक्षिण वेल्सचे, आणि सगळे लीगमध्ये अव्वल ठरलेले. सलिव्हन तर १९७२ साली ग्रेट ब्रिटनचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या संघाने विश्वचषक जिंकला. ब्रिटनच्या मोठ्या खेळांत राष्ट्रीय संघाचे नेतृत्व करणारे ते पहिले काळे खेळाडू. एवढी माणसे एका लहानशा पट्ट्यातून निघाली, आणि वेल्सचा युनियन संघ मात्र १८८१ साली पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळल्यापासून १९८३ पर्यंत एकही काळा खेळाडू शोधू शकला नाही. त्या वर्षी पाँटीपूलचे मार्क ब्राउन संघात आले. एका मुलाला का घेतले नाही याची दहा कारणे असतील. एकशेदोन वर्षांत एकालाही का घेतले नाही, याला एकच कारण पुरते.

लीगने या माणसांना जागा दिली, म्हणून लीगला संतपद द्यायलाही मी तयार नाही. विगनने तीन हजार पौंड मोजले ते सामने जिंकण्यासाठी. रॉय फ्रान्सिस यांना १९४६ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून वगळले गेले, कारण तिकडच्या वर्णभेदी वातावरणात काळा खेळाडू नेणे आयोजकांना नको होते. बॉस्टन यांच्या बाबतीत १९५७ साली जे झाले ते तर अधिक लाजिरवाणे आहे. ऑस्ट्रेलियातला विश्वचषक आटोपून परतताना ग्रेट ब्रिटन आणि फ्रान्सचे संघ दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनीय सामने खेळणार होते. तिकडे वर्णभेदाचे कायदे जोरात होते. बॉस्टन यांना एकट्याला घरी पाठवण्यात आले आणि बाकीचा संघ तिकडे जाऊन खेळला. आपल्या सर्वांत गुणी खेळाडूला विमानात बसवून द्यायचे आणि त्याच्याशिवाय पाहुणचार घ्यायचा, यात संघाला काही गैर वाटले असल्याचे त्या वेळच्या वागण्यातून तरी दिसत नाही. न्यूझीलंडच्या युनियननेही १९४९ साली दक्षिण आफ्रिकेला जाताना माओरी खेळाडू मागे ठेवले होते. कोणत्या खेळाचे हात जास्त स्वच्छ, ही स्पर्धा इथे लावण्यात अर्थ नाही. फरक एवढाच की लीगने दार उघडले, अर्धवट का होईना, आणि त्या अर्ध्या दारातून बॉस्टन यांनी काय करून दाखवले ते जगाने पाहिले.

त्यांच्या खेळाबद्दल थोडे सांगितलेच पाहिजे, कारण अन्यायाच्या चर्चेत हा माणूस मुळात कोण होता तेच हरवून जाते. विंगर म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहणारा, वेगावर जगणारा खेळाडू. हे विंगर सहसा चणीने हलके असत. बॉस्टन पुढे पंच्याण्णव किलोच्या घरात गेले आणि तरीही वेगवान राहिले. आडवा येणाऱ्याला ते चकवून जात, नाहीतर एका हाताने ढकलून जात, नाहीतर सरळ अंगावर घेऊन पुढे जात. यांतले नेमके काय होणार, हे त्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नसे. नोव्हेंबर १९५३ मध्ये ते विगनच्या मुख्य संघाकडून पहिला सामना खेळले आणि जेमतेम सहा सामन्यांनंतर १९५४ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यासाठी ग्रेट ब्रिटनच्या संघात निवडले गेले. या दौऱ्यावर गेलेले ते पहिले काळे खेळाडू, वय एकोणीस. दौऱ्यात त्यांनी विक्रमी ३६ ट्राय केले. ऑकलंडच्या कसोटीत एकाच सामन्यात चार. विगनकडून १९६८ पर्यंत ते खेळले, ४७८ ट्राय केले, दोनदा एका सामन्यात सात. वेम्बलीवर चॅलेंज कपचे सहा अंतिम सामने खेळले, तीन जिंकले. ग्रेट ब्रिटनकडून ३१ सामन्यांत २४ ट्राय. कारकिर्दीत एकूण ५७१. ब्रिटिश लीगमध्ये त्यांच्या पुढे फक्त ऑस्ट्रेलियाचे ब्रायन बेव्हन, ७९६ ट्राय करणारे.

निवृत्तीनंतर ते विगनच्या सेंट्रल पार्क मैदानाला लागून असलेला ग्रिफिन हा पब चालवत. विगन हे खाणींचे आणि कापडगिरण्यांचे गाव, त्याने या माणसाला आपले मानले. २०१६ साली गावाच्या मध्यभागी त्यांचा पुतळा उभा राहिला. जन्मगाव कार्डिफला मात्र २०२३ साल उजाडावे लागले. तिथे बॉस्टन, सलिव्हन आणि लॅटव्हियन स्थलांतरितांचे पुत्र गस रिसमन यांचा एकत्र पुतळा कार्डिफ बेवर बसवला गेला. तेव्हा तिघांतले फक्त बॉस्टन हयात होते. सलिव्हन १९८५ मध्येच गेले होते, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी.

किताबाच्या बाबतीतही हाच हिशेब मांडता येतो. फुटबॉलच्या स्टॅन्ली मॅथ्यूज यांना १९६५ मध्ये, ते खेळत असतानाच, ‘सर’ केले गेले. रग्बी युनियनचे क्लाइव्ह वुडवर्ड २००४, इयन मॅक्गीकन २०१०, गॅरेथ एडवर्ड्स २०१५, बिल ब्यूमाँट २०१९. यांपैकी एकाच्याही पात्रतेबद्दल मला शंका नाही. एडवर्ड्स तर खाणकामगाराचे पुत्र. म्हणजे माणूस गरीब घरचा असणे ही अडचण नव्हती. अडचण होती ती खेळाची. लीग हा उत्तरेच्या कामगारवस्त्यांचा खेळ, आणि किताब देणारे जिथे शिकले त्या शाळांत युनियन खेळली जात होती. बॉस्टन यांना १९९६ मध्ये एमबीई हा खालच्या पायरीवरचा सन्मान मिळाला आणि तिथेच त्यांची फाइल एकोणतीस वर्षे थांबली. म्हणून २०२५ च्या किताबाने बुजवला तो दुसरा खड्डा, लीगला तुच्छ लेखण्याचा. पहिला, वेल्सच्या जर्सीचा, त्याला राजाच्या तलवारीचा स्पर्शही झालेला नाही. राजा ती जर्सी देऊ शकत नाही. ती नाकारली होती वेल्सच्या रग्बी युनियनने.

मग युनियनने काय करावे? मरणोत्तर किंवा मानद कॅप, म्हणजे देशाकडून खेळल्याची टोपी, देऊन मोकळे व्हावे, असे काही जण सुचवतात. मला ते नको वाटते. सामना न खेळता दिलेली कॅप बॉस्टन यांच्यासारख्या माणसाच्या कर्तृत्वात कशाचीही भर घालत नाही. उलट संस्थेला वाटते की फिटले. त्यापेक्षा कष्टाचे आणि कमी दिखाऊ काम आहे. १९४० ते १९८० च्या दशकांतली निवड समित्यांची इतिवृत्ते, चाचणी सामन्यांची बोलावणी, कार्डिफसारख्या मोठ्या क्लबांचे दप्तर, जे काही शिल्लक असेल ते इतिहासकारांपुढे ठेवावे. शिल्लक नसेल तर तसे सांगावे. टायगर बेच्या मैदानांवर त्या काळी खेळलेल्या माणसांच्या साक्षी नोंदवून घ्याव्यात. कोणाला कधी बोलावले गेले, कोणाला नाही, त्यांच्या घरांत त्याबद्दल काय बोलले जाई, हे त्यांच्याच तोंडून यावे. ती माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत. आणि वेल्सच्या रग्बीचा जो अधिकृत इतिहास मुलांना सांगितला जातो, त्यात १८८१ ते १९८३ या काळावर एक प्रकरण या न खेळलेल्या माणसांचे असावे.

यावर शेवटचा युक्तिवाद असा होतो की आजच्या पदाधिकाऱ्यांचा यात काय दोष, बॉस्टन यांना डावलले तेव्हा ते जन्मलेही नव्हते. व्यक्ती म्हणून त्यांचा दोष नाहीच. पण १९ डिसेंबर १९५३ रोजी वेल्सने कार्डिफ आर्म्स पार्कवर न्यूझीलंडला १३-८ असे हरवले, आणि त्याच्या महिनाभर आधी कार्डिफ क्लबानेही त्याच न्यूझीलंडला ८-३ असे हरवले होते. त्या विजयांच्या वेळीही आजचे पदाधिकारी जन्मलेले नव्हते. तरी ते विजय ही संस्था आपले म्हणून सांगते, वेल्सच्या पिढ्यान्‌पिढ्या ते आपले मानतात, कारण न्यूझीलंडला त्यानंतर वेल्स आजवर पुन्हा हरवू शकलेला नाही. ज्या नोव्हेंबरात कार्डिफ क्लब तो सामना जिंकला, त्याच नोव्हेंबरात कार्डिफचा एकोणीस वर्षांचा बिली बॉस्टन विगनकडून आपला पहिला सामना खेळला. १९५३ या सालाचा जो वारसा ही संस्था मिरवते, त्यात बॉस्टन यांची गैरहजेरीही येते.